वाघबीळच्या चढाला बंद पडणारी मारुती

पार्श्वभूमी

पन्हाळ्यावर राहणारे एक शिक्षक रोज कोल्हापुरात नोकरीला येतात. नाव द्यायचं नाही असं ठरल्यामुळे इथे त्यांना नुसतं 'सर' म्हणतो. त्यांच्याकडे २००४ सालची मारुती ८०० आहे. पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर एकदा पुनर्नोंदणी झाली होती, इंजिन दमलं होतं, आणि भंगारात द्यायला सरांचा जीव होत नव्हता. शेवटी त्यांनी तिच्यावर विजेचं किट बसवून घेतलं. किट एआयएस-१२३ मानकाप्रमाणे मान्यता मिळालेलं होतं आणि आरटीओतून नोंदणी पुस्तकातला इंधनाचा प्रकारही बदलून झाला होता. म्हणजे कागदोपत्री सगळं नीट होतं. हे आधी सांगतो, कारण पुढच्या एका निर्णयात याचा संबंध येतो.

मूळ ७९६ सीसी इंजिन ३७ अश्वशक्तीचं, म्हणजे सुमारे २७ किलोवॉटचं. त्याच्या जागी आलेली मोटर सलग ६ किलोवॉटची, थोड्या वेळापुरती १३ पर्यंत जाणारी. क्लच आणि चार गिअरचा गिअरबॉक्स तसाच ठेवलेला. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १०० अँपिअर-अवरचे २४ सेल एकापाठोपाठ एक जोडलेले. ७६.८ व्होल्ट गुणिले १०० म्हणजे जवळपास ७.७ किलोवॉट-अवर, आपल्या वीजबिलाच्या भाषेत पावणेआठ युनिट. बॅटरीची पेटी मागे डिकीत. इंजिन, सायलेन्सर, टाकी, रेडिएटर निघाले आणि हे सगळं आलं, त्यामुळे वजनात फार फरक पडला नाही. चालक आणि सामानासकट गाडी ८०० किलोच्या आसपास.

सरांचा रोजचा फेरा ५४ किलोमीटरचा. सकाळी पन्हाळ्यावरून उतरून वाघबीळ, केर्ली, शिवाजी पूल करत कोल्हापूर, दिवसभरात शहरातली दहाएक किलोमीटरची कामं, संध्याकाळी त्याच वाटेने वर. किटवाल्यांनी रेंज ८० किलोमीटर सांगितली होती. सपाट रस्त्यावर, एकट्या माणसाला, चाळीसच्या वेगाने हा आकडा खरा असेलही. सरांचा रस्ता सपाट नव्हता आणि सर चाळीसने चालवत नव्हते.

तक्रार

गाडी दिवाळीत रस्त्यावर आली. संक्रांतीच्या सुमारास पहिल्यांदा बंद पडली, वाघबीळवरून पन्हाळ्याकडे वळल्यानंतरच्या चढाला. काटा निम्म्याच्या जवळ होता. चावी बंद करून मिनिटभराने चालू केली तर गाडी निघाली, तीनेकशे मीटर गेली आणि पुन्हा गप्प झाली. मागे एसटी. सरांनी चाकाला दगड लावला आणि उतरून वाहतूक सोडवत बसले.

आठवड्यात हे तीनदा झालं. शिवाय सकाळची एक वेगळी तक्रार होती. रात्रभर पूर्ण चार्ज करून घाट उतरताना पाय उचलला की मोटर गाडीला मागे खेचते (रीजन म्हणतात ते), पण पहिल्या एक-दोन वळणांतच ही ओढ अचानक नाहीशी व्हायची. सरांच्या शब्दांत, "गाडी हातातून सुटल्यागत होत्या."

तिसरी तक्रार रेंजची. ८० सांगितलेली गाडी ५० ला टेकते.

सरांच्या लेखी या तिन्ही तक्रारी एकच होत्या: बॅटरी कमी पडते. गाडी पाहणाऱ्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींचं मत होतं की पॉवर कमी पडते, ती वाढवली पाहिजे. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल शिकवतो आणि सर माझ्या थोरल्या भावाचे वर्गमित्र, म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं.

चढाचा हिशोब

गाडीला हात लावण्याआधी वहीत एक आकडेमोड केली. कोल्हापूर ते पन्हाळा उंचीतला फरक साधारण ४०० मीटर. ८०० किलो तेवढं उचलायला लागणारी ऊर्जा ०.८७ युनिट. मोटर, कंट्रोलर (बॅटरीतली वीज मोजून-मापून मोटरला देणारा), गिअर यांतली गळती धरून बॅटरीतून १.१ युनिटच्या आसपास, म्हणजे पूर्ण बॅटरीच्या १४ टक्के. हा खर्च हळू गेलं तरी लागतो, जोरात गेलं तरी लागतो. त्यात वाटाघाट नाही.

वेगाप्रमाणे बदलते ती पॉवर. ६ टक्के चढाला ताशी ३० ने बॅटरीतून साधारण साडेसहा किलोवॉट लागतात, ५० ने गेलं तर अकरा-साडेअकरा. व्होल्टेज ७५ धरलं तर पहिल्यात ८५-९० अँपिअर, दुसऱ्यात १५० च्या घरात, आणि वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की कंट्रोलरची कमाल मर्यादा १८०.

मग एका संध्याकाळी सरांच्या शेजारी बसून वर गेलो. मोबाइलवर बॅटरीच्या बीएमएसचं, म्हणजे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की करंट तोडणाऱ्या राखणदाराचं, ॲप उघडं ठेवलं. सरांनी 'पॉवर' मोड लावला, तिसरा गिअर टाकला आणि वरपर्यंत तो सोडला नाही. विचारलं तर म्हणाले, "विजेच्या गाडीला गिअर लागत नाहीत, असं सांगितलंय बसवणाऱ्यानं." चढाच्या मध्यावर गाडी बंद पडली. ॲपमध्ये नोंद होती: सेल १७, व्होल्टेज कमी. बीएमएसची मर्यादा प्रत्येक सेलला २.८ व्होल्ट, आणि १८० अँपिअर ओढताना हा सेल २.७६ पर्यंत खाली गेला होता. बाकीचे तेवीस सेल ३.०३ च्या आसपास. गाडी थांबली तसे सगळे सेल पुन्हा ३.२५ वर, एका रांगेत.

बॅटरीत तेव्हा ३२ टक्के चार्ज शिल्लक होता. म्हणजे बॅटरी संपलेली नव्हती. चोवीसातल्या एका सेलच्या आकड्यामुळे बीएमएसने दार लावलं होतं. काटा मात्र निम्म्यावर, कारण तो व्होल्टेजवर चालणारा. या जातीच्या सेलचं व्होल्टेज ८० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे असा काटा बराच वेळ खोटा दिलासा देतो आणि मग एकदम कोसळतो.

समोर असलेले पर्याय

त्या रात्री सरांच्या ओसरीवर चौघांची बैठक झाली: सर, त्यांचा मुलगा, मिस्त्री आणि मी. किटवाल्यांचा तंत्रज्ञ फोनवर.

मिस्त्रींचं म्हणणं, कमाल करंट १८० वरून २२० करा. "सर, चढाला दम पायजे. पॉवर दिली की गाडी पळत्या, आन् लवकर वर पोचली की बॅटरी कमी खाते." ऐकायला पटण्यासारखं आहे, पण व्होल्टेज करंटमुळेच पडत होतं, तेव्हा करंट वाढवला तर गाडी आणखी लवकर बंद पडली असती. शिवाय किटला मान्यता ठरावीक पॉवरवर मिळालेली. ती परस्पर वाढवली तर उद्या अपघात झाल्यावर विमा कंपनीला हात झटकायला आयतं कारण.

तंत्रज्ञाने सुचवलं ते सगळ्यात सोपं होतं. बीएमएसची मर्यादा २.८ वरून २.५ वर आणा, पुण्याहून बसल्या जागी करून देतो. या सेलना २.५ पर्यंत चालतं हे खरंच आहे. सरांचा मुलगा लगेच तयार झाला. मी नको म्हटलं. तेव्हाचं माझं कारण एवढंच होतं की एकच सेल खाली जातोय, तो का जातोय ते कळेपर्यंत राखणदाराला झोपवू नये. हे कारण किती खरं होतं ते दोन महिन्यांनी कळलं.

सरांचा स्वतःचा कल आणखी बॅटरी घालण्याकडे होता. खर्च लाखाच्या घरात, डिकीत जागा नाही, मागच्या ॲक्सलवर भार, आणि मान्यतेचा प्रश्न पुन्हा तोच. दुपारी शाळेत दोन तास चार्जिंग हा पर्यायही निघाला. तो तांत्रिकदृष्ट्या उत्तम होता, पण मुख्याध्यापकांकडे वीज मागायला सर तयार नव्हते. तो विषय तिथेच संपला.

उरला एक पर्याय. कमाल करंट कमी करायचा, आणि रेंज नेमकी कुठे जाते ते मोजायचं.

पहिला निर्णय: करंटला लगाम

कंट्रोलरमध्ये दोन वेगळ्या मर्यादा असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक बॅटरीतून किती करंट घ्यायचा याची, दुसरी मोटरला किती द्यायचा याची. कंट्रोलर म्हणजे सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारी चावी. मोटर हळू फिरत असेल तर तो बॅटरीतून ७५ व्होल्टला ६० अँपिअर घेऊन, ढोबळमानाने, मोटरला २२ व्होल्टला २०० अँपिअर देतो. गुणाकार तोच, पण तार तापवणारा करंट तिपटीहून जास्त.

आता उसाच्या हंगामाचा विचार करा. केर्लीच्या अलीकडेपलीकडे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असतो आणि ओलांडायला जागा नसते. सर त्याच्या मागे ताशी पंधराने, तिसऱ्या गिअरमध्ये. बॅटरीचा करंट दिसायला कमी, म्हणून सर निश्चिंत. मोटर आणि कंट्रोलर मात्र तापत राहणार. दुसऱ्या संध्याकाळी कंट्रोलरचं तापमान वाघबीळला पोचेपर्यंत ८४ अंशांवर होतं. ८५ नंतर तो स्वतःहून पॉवर कापतो. खऱ्या चढाला गाडी लागायची तेव्हा तिचा अर्धा दम आधीच गेलेला असायचा.

म्हणून दोन गोष्टी केल्या. किटवाल्यांना सांगून त्यांच्याच पासवर्डने बॅटरी करंटची मर्यादा १८० वरून १२० वर आणली. आणि सरांना चढाला, तसंच ट्रॅक्टरमागे, दुसरा गिअर वापरायला लावला. दुसऱ्यात मोटर दीडपटीहून जास्त वेगाने फिरते, तेवढ्याच ओढीसाठी मोटरचा करंट त्या प्रमाणात उतरतो, आणि उष्णता करंटच्या वर्गाने बदलत असल्यामुळे ती निम्म्याच्याही खाली येते. कंट्रोलर पुन्हा कधी ७० च्या वर गेला नाही.

चढाला लागणारा वेळ अकरा मिनिटांवरून पंधरा मिनिटांवर गेला. गाडी बंद पडणं थांबलं. सगळे खूश.

सर सोडून. त्यांनी आठवडाभर वहीत आकडे लिहिले होते. आधी रोजच्या ५४ किलोमीटरला ५.९ युनिट लागत, आता ५.८. "पॉवर तेवढी गेली, किलोमीटर कुठं वाढले?" त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि हिशोबानेही तेच निघतं. बॅटरी आणि केबलमध्ये जी ऊर्जा तापून जाते ती १५० अँपिअरने अकरा मिनिटं आणि १०० च्या आसपास पंधरा मिनिटं, अशी मांडली तर दोन्हींतला फरक सुमारे ३० वॉट-अवरचा. अर्धा किलोमीटरही नाही. पॉवर कमी केली की रेंज वाढते असं सर्रास बोललं जातं. इथे तसं घडलं नाही. रेंज वाढली नव्हती, आधी जी बॅटरीत अडकून पडत होती ती वापरता येऊ लागली होती.

रेंज कुठे गळत होती

५.९ युनिट भागिले ५४ म्हणजे किलोमीटरला १०९ वॉट-अवर. माझ्या कागदी हिशोबात चढ धरूनही ७५ ते ८० यायला हवे होते. एवढी मोठी तफावत कंट्रोलरच्या सेटिंगमधून येत नाही, ती चाकांपाशी शोधावी लागते.

एका रविवारी सपाट रस्त्यावर गाडी ४० वर नेऊन न्यूट्रल केली आणि किती लांब घरंगळते ते पाहिलं. दोन्ही दिशांनी तीन-तीनदा, म्हणजे वारा आणि उतार यांचा हिशोब मिटतो. गाडी लवकर थांबत होती. मागच्या ड्रमला हात लावला आणि चटका बसला. जॅकवर उचलून चाक फिरवलं तर ते एक वेढाही पुरं करेना.

कारण मिस्त्रींनी दहा मिनिटांत काढलं, आणि त्याचं श्रेय त्यांनाच. डिकीत बॅटरीची पेटी बसवताना हँडब्रेकची केबल थोडी बाजूने वळवून घेतली होती. वळणामुळे ती ओढली जाऊन मागचे ब्रेक कायम हलके लागलेले राहत. पेट्रोलच्या गाडीत हे ॲव्हरेजमध्ये दिसलं असतं आणि "इंजिन जुनं झालंय" म्हणून सोडून दिलं असतं. इथे पावणेआठ युनिटांची टाकी, त्यामुळे थेंबन् थेंब मोजला जातो. टायरमध्ये हवाही २२ होती, मागच्या भाराच्या मानाने फारच कमी. ती ३० केली.

केबल आणि हवा मिळून खर्च ५.८ वरून ५.१ युनिटवर आला. दोन कामांचा मिळून खर्च एका पेट्रोलच्या फेरीपेक्षा फार जास्त नव्हता.

दुसरी गळती वेगाची. शिवाजी पुलापासून केर्लीपर्यंत रस्ता मोकळा मिळाला की सर ६५ ने जात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०० सारख्या उभट गाडीला ५० वरून ६५ वर गेलं की किलोमीटरमागे सरळ पाऊणपट ते एकपट असं काही होत नाही, पण पाव हिस्सा जास्त नक्की लागतो. सरांनी ५० धरली. रस्त्यावर तीन-चार मिनिटं जास्त गेली आणि रोजचा खर्च ४.५ युनिटवर स्थिरावला. वेग कमी करायला सांगणं हे मला सगळ्यात अवघड वाटलं होतं, प्रत्यक्षात ते सरांनी सगळ्यात सहज ऐकलं. आकडे त्यांच्याच वहीत होते, बहुधा म्हणून.

सतरावा सेल

इथे प्रकरण संपलं असं मी समजलो, आणि ती माझी चूक होती.

सेल १७ चं नाव मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. माझा तर्क होता की तो सेल जात्याच कमकुवत असावा. करंट कमी केल्यावर तो २.९ च्या वर राहू लागला, गाडी बंद पडेना, आणि सेल पुढेमागे बदलू म्हणून विषय मागे पडला. मार्चअखेर सर घरच्या चौघांना घेऊन जोतिबाला निघाले. चढाला गाडी बंद पडली. या वेळी करंट १२० च होता आणि बॅटरीत ६० टक्के चार्ज. शिवाय मागच्या सीटवरून सरांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "काहीतरी करपल्याचा वास येतोय." सरांनी गाडी तिथेच ठेवली, पुढे रेटली नाही. हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय.

एक तृतीयांश करंट कापूनही बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असताना सेल खाली जातो, याचा अर्थ दोष वाढतोय. ॲपमधल्या जुन्या नोंदी पुन्हा नीट पाहिल्या. सेल १७ करंट ओढताना झटक्यात खाली जायचा, आणि रीजनच्या वेळी, म्हणजे करंट उलटा आत येताना, तितक्याच झटक्यात इतरांच्या वर जायचा. करंट शून्य झाला की रांगेत. क्षमता कमी झालेला सेल असा वागत नाही, तो हळूहळू खचतो आणि तेही चार्ज उतरल्यावर. दोन्ही दिशांना झटका म्हणजे वाटेत कुठेतरी रोध, करंटला अडथळा. तो सेलच्या पोटात असू शकतो किंवा सेलबाहेरच्या जोडात. ॲपला फरक कळत नाही, कारण बीएमएसची मोजणारी तार बसबारवर, म्हणजे दोन सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर, लावलेली असते आणि जोडावर पडलेलं व्होल्टेज ती सेलच्या नावावर मांडते.

निवाडा मल्टिमीटरने केला. गाडी जॅकवर, मुख्य स्विचला माणूस उभा, हातातल्या अंगठ्या-घड्याळं काढलेली, पान्यांना इन्सुलेशन. ७७ व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात, पण पाना दोन टर्मिनलवर पडला तर तो वितळतो. चाकं ब्रेकवर धरून १०० अँपिअर वाहत असताना सेलच्या टर्मिनलपासून बसबारपर्यंत मोजलं. चांगल्या जोडांवर १० ते १२ मिलिव्होल्ट. सतराव्याच्या एका जोडावर २८०.

२८० मिलिव्होल्ट भागिले १०० अँपिअर म्हणजे २.८ मिलिओहम. १२० अँपिअरला तिथे ४० वॉट उष्णता, सोल्डरिंगच्या लोखंडाइतकी, तीही बंद पेटीत, सेलच्या डोक्यावर. नट हाताने फिरला. खालचा वॉशर काळानिळा पडला होता, शेजारच्या तारेचं आवरण आक्रसलं होतं.

आता मागे वळून पाहिलं तर क्रम लख्ख दिसतो. संक्रांतीला हा जोड दीड मिलिओहमच्या आसपास असणार, आकडे तेच सांगतात. बीएमएस गाडी बंद पाडून ओरडून सांगत होतं. आम्ही करंट कमी केला आणि त्याचं ओरडणं थांबवलं. जोड आतल्या आत तापत राहिला, सैल होत राहिला. तंत्रज्ञाच्या सल्ल्याने मर्यादा २.५ वर नेली असती तर ओरडायलाही कोणी उरलं नसतं.

जोड उघडून घासून साफ केला, वॉशर बदलला, सेल बनवणाऱ्याने दिलेल्या मापाला टॉर्क रेंचने नट आवळला. बाकीचे सत्तेचाळीस टर्मिनलही. तीन सैल निघाले, पण तापलेले नव्हते. प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, म्हणजे नट फिरला तर नजरेला दिसतं.

उतारावरची ओढ

सकाळी रीजन अचानक जाण्यामागे दोन कारणं होती. पहिलं साधं: रात्रभर चार्ज होऊन भरलेली बॅटरी, आणि घर डोंगरावर. भरल्या घागरीत आणखी पाणी ओतता येत नाही. सेल ३.६५ व्होल्टला पोचला की बीएमएस आत येणारा करंट तोडतं. दुसरं कारण पुन्हा सेल १७, जो जोडाच्या रोधामुळे इतरांच्या आधी ३.६५ दाखवायचा.

उपाय म्हणून चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवायचं ठरलं. पूर्ण भरलं नाही तर सेलचं आपसातलं संतुलन होत नाही, म्हणून दर दुसऱ्या शनिवारी रात्री १०० टक्के, आणि रविवारी गाडी गावातच. पूर्ण भरून उतरायची वेळ आलीच तर रीजनवर भिस्त न ठेवता पहिल्यापासून पायाचा ब्रेक, थोडा-थोडा सोडत. रीजनचा जोरही कमी केला, म्हणजे तो गेला तरी फरक दचकवणारा नसेल.

रीजनमुळे मिळतं किती, हेही मोजलं. संपूर्ण घाट उतरून ०.३ युनिट, चारेक टक्के. चढायला गेलेल्या १.१ मधले एवढेच परत. बाकीचं काही रस्त्याने आणि वाऱ्याने घेतलं, काही वाटेतल्या गळतीत गेलं. "उतारावर बॅटरी फुल्ल होते" म्हणणाऱ्यांना सर आता हा आकडा ऐकवतात.

निकाल

जोड दुरुस्त झाल्यावर करंटची मर्यादा परत १८० करायची का, यावर पुन्हा बैठक झाली. आता तांत्रिक अडचण नव्हती. सरांनीच नको म्हटलं. नेहमीच्या मोडला १३०, आणि पॉवर मोडला १६० असं ठरलं, ते ट्रॅक्टर ओलांडण्यापुरतं. ओलांडताना दम नसणं हे बंद पडण्याइतकंच धोक्याचं आहे, तेव्हा १२० वर अडून राहणंही बरोबर नव्हतं.

व्होल्टेजवरचा काटा काढून आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा मीटर बसवला. रोजच्या फेऱ्याला ४.५ युनिट, म्हणजे ८३ वॉट-अवर किलोमीटरला. सकाळी ९० टक्क्यांनी निघालेली गाडी संध्याकाळी दारात येते तेव्हा मीटर तीस-बत्तीस दाखवतो. ९० ते १० टक्के एवढा वापर धरला तर या रस्त्यावर रेंज ७४ किलोमीटरच्या आसपास. किटवाल्यांचे ८० नाहीत, पण घाटातले ७४ आहेत. नवी बॅटरी घेतली नाही. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी केर्लीजवळ रस्त्यावर आलं तेव्हा गाडी चार दिवस घरीच होती, पण तसे त्या वाटेवरचे सगळेच घरी होते.

आज पुन्हा करायचं झालं तर

मी सुरुवात मल्टिमीटरने केली असती. ॲपने सेलचं नाव दिलं होतं, पेटी उघडायला अर्धा दिवस लागला असता, दोन महिने धोका वाहिला नसता. मी आळस केला असं म्हणणार नाही, पण करंट कमी करताच तक्रार गेली या आनंदात प्रश्न विचारायचा राहिला.

करंट आणि गिअर हे दोन बदल एकाच दिवशी केले, तेही चुकलं. कंट्रोलर थंड झाला तो कशामुळे किती, हे आज मला वेगवेगळं सांगता येत नाही. माझ्या विद्यार्थ्याने प्रयोगवहीत असं केलं असतं तर मी लाल शाईने गोल काढला असता.

घरंगळण्याची चाचणी तर गाडी ताब्यात घेताना बसवणाऱ्यानेच करायला हवी होती. तिला मीटर लागत नाही, ॲप लागत नाही, एक सपाट रस्ता पुरतो. तशीच नट आवळण्याची दुसरी फेरी. नवे जोड पहिल्या हजारेक किलोमीटरमध्ये बसतात, सैल होतात, आणि किटच्या कागदांत याचा कुठे उल्लेख नव्हता. सरांनी किटवाल्यांना पत्र लिहून तो घालायला सांगितला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. दरम्यान दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेटी उघडून पांढऱ्या रेघा पाहायचं काम सरांच्या मुलाकडे आहे, आणि सतराव्याचा आकडा तो वेगळ्या पानावर लिहितो.